रणगाड्यापुढचा फोटो झाला की काचेतला मगही पाहा

प्रति,
मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

विषय: सैनिकी संग्रहालयांच्या सहली आणि आपल्या घरोघरी पडून असलेले फौजी सामान

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की सातारा-सांगलीकडच्या शाळांची सहलींची धावपळ सुरू होते. गड, देवस्थान, धरण यांच्या जोडीला आता अहिल्यानगरचे रणगाड्यांचे संग्रहालय, पुण्याचे युद्धस्मारक, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधले संग्रहालय ही नावेही यादीत दिसतात. आनंद आहे. पण होते असे की पन्नास मुले एकदम आत शिरतात, रणगाड्यापुढे ओळीने उभी राहतात, फोटो होतो आणि काचेच्या कपाटांवरून नजर फिरवत सगळी बाहेर डबे खायला पळतात. जुने फौजी सामान तपासणे, नोंदवणे आणि टिकवणे हे आमचे काम. त्या कपाटांत काय पाहायचे, आणि तसेच सामान घरच्या ट्रंकेत निघाले तर त्याचे काय करायचे, एवढ्यासाठी हे पत्र.

रणगाडे एकाच नमुन्याचे शेकड्याने निघतात. चहाच्या मगाच्या बुडाला खिळ्याने ठोकलेला नंबर मात्र एकाच शिपायाचा असतो. सैनिकी संग्रहालयातल्या वस्तूची किंमत ती कुणाची होती यावर ठरते. तो धागा तुटला की उरते ते जुने भांडे.

पदकापासूनच सांगतो. पहिल्या महायुद्धाला गेलेल्या शिपायाची पदके बहुधा जोडीने सापडतात. एक चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे. त्यावर एका बाजूला राजा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ ही साले. दुसरे पिवळसर कांस्याचे, पंखवाल्या विजयदेवतेचे, इंद्रधनुष्याच्या रंगांच्या फितीचे. शिपाई १९१५ संपायच्या आत रणभूमीवर पोचला असेल तर सोबत एक ताराही असतो. बघणारे सगळे राजाचे डोके बघतात. खरा मजकूर असतो कडेवर: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, इंग्रजी अक्षरांत ठोकलेली. ताऱ्याला कड नसते, म्हणून त्याच्या पाठीवर. नावाचे स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानाला जसे पडले तसे. ‘जाधव’चे ‘जाधाओ’, ‘शिंदे’चे ‘सिंदे’, ‘पवार’चे ‘पोवार’. कित्येकदा आडनावच नाही, नुसते स्वतःचे आणि बापाचे नाव. हे माहीत नसले की घरचे लोक ‘हे आमच्या पणजोबांचे नव्हेच’ म्हणून मोकळे होतात.

संग्रहालयात पदक मखमलीवर आडवे ठेवतात, त्यामुळे नेमकी कड झाकली जाते. यावरचा उपाय शंभर रुपयांतही बसतो: पदकाच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीचा आरसा तिरपा ठेवायचा, किंवा कडेचा मोठा फोटो शेजारी लावायचा. पाहायला गेलात आणि कड दिसली नाही, तर अभिप्रायाच्या वहीत ‘कड दाखवा’ एवढे दोन शब्द लिहून या. ‘छान वाटले, प्रेरणा मिळाली’ यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

याच चांदीच्या पदकाची एक कांस्याची आवृत्तीही आहे. ती प्रामुख्याने मजूर आणि हमाल तुकड्यांतल्या माणसांना दिली गेली. चांदीचे नाही म्हणून घरात त्याला खोटे समजतात, लेकरांच्या खेळण्यात टाकतात. लढाईतली निम्मी मेहनत खेचरवाले, भिस्ती, लांगरी (स्वयंपाकी), डोलीवाले, धोबी यांनी केली आणि त्यांची नावे सगळ्यांत आधी पुसली गेली. ते काळपट पदक हा कधीकधी त्यांचा एकमेव पुरावा असतो. चांदीच्या पदकाचे दुखणे वेगळे. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा अशी पदके जगभर वितळवली गेली. सराफाला विचारायला जाण्याआधी निदान कड वाचा.

तुलनेसाठी हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिश शिपायांना दिलेली पदके कोरी आहेत. भारतीय सैन्यातल्या माणसांच्या पदकांवर नाव-नंबर ठोकलेला सापडतो. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांवरही तो असतो. मुलांना फिती वाचायला शिकवा. समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल दिसले की १९६५. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल दिसले की १९७१. छातीवरची एक ओळ वाचली की माणसाची अर्धी नोकरी कळते.

पहिल्या महायुद्धात जो परत आला नाही त्याच्या घरी कांस्याची मोठी चकती आली. व्यास १२० मिलिमीटर, म्हणजे छोट्या ताटलीएवढी. हातात माळ घेतलेली ब्रिटानिया, तिच्या पायाशी सिंह, आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत शिपायाचे नाव. त्यावर हुद्दा नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. मेलेल्यांत सुभेदार-शिपाई असा भेद नको म्हणून. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या जगभर गेल्या. आपल्याकडे त्यांतल्या किती मोडीच्या पितळेत गेल्या याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर ती एक जाड ताटलीच.

कपड्यांच्या कपाटापुढे थांबलात तर आधी पायांकडे बघा. पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या पायदळाचा शिपाई घोट्यापासून वर गुडघ्याकडे गुंडाळत नेई, घोडदळाचा स्वार गुडघ्यापासून खाली. पुतळ्याला पायदळाचा गणवेश आणि पट्टीची गाठ घोट्याशी, असे दिसले की समजावे, पुतळा सजवणाऱ्याने घाई केली. पट्टी आवळून बांधली आणि पाण्यात भिजली की आटते, रक्त अडते; थंड चिखलात दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्यांचे पाय कुजत त्याचे हे एक कारण होते. ही एवढी गोष्ट शिक्षकांनी कपाटापुढे सांगितली तर सहावीतले पोरही स्वतःच्या पोटरीकडे बघते.

चहाचा मग आणि मेस टिन (जेवणाचे फौजी भांडे) यांचे तर बूडच बघायचे. फौजेत सगळ्यांचे भांडे एकसारखे, म्हणून प्रत्येकाने खिळ्याने किंवा पंचाने स्वतःचा नंबर ठोकलेला असतो. कधी दोन नंबर असतात, एक खोडून दुसरा ठोकलेला. म्हणजे भांडे एकाकडून दुसऱ्याकडे गेले. ओळखीच्या चकत्याही निरखून पाहाव्यात. ब्रिटिश पद्धतीच्या दाबलेल्या फायबरच्या जोडीत हिरवी अष्टकोनी आणि लाल गोल अशा दोन असत. शिपाई पडला की लाल काढून नोंदीसाठी न्यायची आणि हिरवी शरीरासोबत ठेवायची, म्हणजे नंतर पुरणाऱ्याला नाव कळेल. कपाटात दोन्ही एकत्र असतील तर बहुधा तो माणूस जिवंत घरी आला.

नंबराच्या बाबतीत एक खड्डा आहे, त्यात अभ्यासकही पडतात. पहिल्या महायुद्धात नंबर त्या-त्या पलटणीपुरता असे. २३४५ हा नंबर ११० व्या पलटणीतही सापडेल आणि ११७ व्यातही. म्हणून नंबर लिहिताना पलटण लिहिलीच पाहिजे. त्यात १९२२ मध्ये पलटणींची नावे बदलली: १०३ वी ती पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी झाली दहावी, नवशिक्यांना तयार करणारी. पणजोबांच्या पदकावर ‘११७ मराठा’ आणि आजोबांच्या कागदावर ‘पाचवी रॉयल’ असेल तर घोळ नाही, पलटण एकच आहे. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, अडकलेल्या मराठा पलटणी १०३, ११० आणि ११७. पुढे इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, मरणोत्तर) तिसऱ्या बटालियनचे, म्हणजे जुन्या ११० चे. आणि शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) पहिल्या बटालियनचे, म्हणजे जुन्या १०३ चे. हा धागा पाटीवर दाखवला तर एका कपाटापासून दुसऱ्या कपाटापर्यंत जायला काही कारण राहते.

आणि आपल्याकडे फौजी म्हटले की मराठा पलटण एवढेच धरले जाते, तेही सोडावे. सुभेदार रामजी सकपाळ सातारला राहत होते आणि त्यांच्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्याच शाळेत घातले गेले, हे आपण दरवर्षी विद्यार्थी दिवसाला आठवतो. पण रामजी ज्या फौजेत होते तिने पुढे महारांची भरतीच बंद केली होती, १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर ती मोडली, हे कुठल्या पाटीवर लिहितो? महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावे लागले, आणि तीही बेळगावातच. बॉम्बे सॅपर्स, तोफखाना, सप्लाय कोअर, सिग्नल, सगळीकडे इथली माणसे आहेत. दालन करायचे तर सगळ्यांचे करावे.

सहलीची व्यवस्था. लष्करी हद्दीतले संग्रहालय असेल तर शाळेच्या पत्रावर आधी लेखी परवानगी घ्या, मोठ्यांनी मूळ ओळखपत्रे ठेवा, आणि फोटो कुठे चालतो हे गेटवरच विचारा. वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, कारण लष्करी कार्यक्रम असला की दार बंद असते. मुलांचे दहा-बारांचे गट पाडा. ‘सगळे बघा’ म्हटले की काहीच बघितले जात नाही. प्रत्येकाला एकच वस्तू, पंधरा मिनिटे आणि पाच प्रश्न द्या: कशाची आहे, कुठे झिजली आहे, कुठे दुरुस्त केली आहे, कुणाचे नाव-नंबर आहे, पाटीवर काय लिहायचे राहिले आहे. झीज हा प्रश्न फार कामाचा. पट्ट्याचे कुठले भोक ताणले आहे यावरून कंबर कळते, आणि एकापेक्षा जास्त भोके ताणलेली असतील तर माणूस खंगला की सुटला तेही. रणगाड्यापाशीही हाच नियम. पाकिस्तानी सैन्याचा पॅटन रणगाडा पाहताना १९६५ ची पंजाबातली असल उत्तरची लढाई सांगाच, पण चालकाचे झाकण केवढे आहे ते मुलांना हाताने मोजायला लावा आणि पेटलेल्या गाडीतून तिथून बाहेर पडायला किती वेळ लागेल ते विचारा.

आता घरची ट्रंक. काळी, नाव-नंबर पांढऱ्या रंगाने लिहिलेली, माळ्यावर किंवा पलंगाखाली. पहिली चूक तिथेच होते: कुणीतरी उत्साहाने ती रंगवून घेतो आणि नाव जाते. ट्रंक रंगवू नका. तिच्यावर जे लिहिले आहे ते पदकाच्या कडेइतकेच मोलाचे आहे.

पदके चिंचेने, लिंबाने, राखेने किंवा तांब्या-पितळेची भांडी घासायच्या पावडरीने घासू नका. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तो काळा थर अगदी पातळ असतो आणि पदकाला इजा करत नाही. घासताना मात्र दरवेळी थोडी चांदी जाते, आणि सगळ्यांत आधी झिजते ती कडेवरची अक्षरे. दरवर्षी २६ जानेवारीला चकचकीत केलेल्या पदकाचे नाव नातवाच्या काळात वाचता येत नाही. मऊ सुती कापडाने पुसा, हातमोजे घालून धरा. घामातले मीठ धातू खाते. रबर बँड, लोकरी फेल्ट, फोमचा तुकडा यांच्याजवळ चांदी ठेवू नका, त्यांतून गंधक सुटते. कांस्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी पूड दिसली तर ती साधी हिरवट झाक नव्हे. आत क्लोराइड आहे आणि ओल मिळत राहिली तर धातू पोखरला जाईल. अशी वस्तू बाकीच्यांतून काढून कोरड्या, झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवा आणि जाणकाराला दाखवा. फीत जुनी झाली म्हणून फेकू नका. नवी लावायची तर लावा, जुनी लिफाफ्यात नाव लिहून ठेवा.

लोकरी कोट, जर्सी, अंगोला शर्ट यांना कसर लागते. डांबरगोळ्या थेट कपड्यावर टाकल्या की डाग पडतात, प्लॅस्टिकची बटणे चिकट होतात, आणि तो वास माणसालाही बरा नाही. खात्रीचा उपाय थंडीचा. कपडा पूर्ण कोरडा असल्याची खात्री करून जाड पॉलिथिन पिशवीत घाला, हवा काढा, टेपने बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर सलग दोन आठवडे ठेवा. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, जो दिवसातून दहा वेळा उघडतो, तिथे हे होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. चोवीस तास तशीच राहू द्या, नाहीतर गार कपड्यावर दव धरते आणि कसर जाऊन बुरशी येते. घडी घालताना मध्ये धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाची गुंडाळी ठेवा. धोब्याकडे किंवा ड्रायक्लीनला मुळीच नको. बाहीवरचा डाग हा कधीकधी पाटीवरच्या मजकुराचा विषय असतो.

चामड्याला तेल पाजायची आपल्याकडे सवय आहे. जुन्या पट्ट्याला तेल लावले की ते पितळी बकलापाशी हिरवे मेण होऊन जमते आणि चामडे काळे पडून चिकटते. ब्रशने कोरडे झटका, एवढेच. लाल पूड सुटायला लागली असेल तर ब्रशही नको.

कागदांचे सर्वांत मोठे वैरी दोन: लॅमिनेशन आणि सेलोटेप. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे आदेश, रजेचे कागद लोक प्रेमाने लॅमिनेट करून आणतात. ते परत सुटत नाही. आतला आम्ल कागद आतल्या आत जळत राहतो. पॉलिएस्टरच्या बाह्या मिळतात त्या घ्या, वासाच्या मऊ पीव्हीसीच्या नकोत. गंजलेली टाचणी ओढू नका, तिचे टोक हळू सरळ करून काढा. काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, काचेसकट त्याचा फोटो काढा. पत्र ठेवताना पाकीट टाकू नका. ‘मार्फत ५६ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ‘९९ एपीओ’ एवढ्यावरून माणूस कुठे होता ते कळत नाही, पण शिक्क्यातल्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या नंबरावरून जागा शोधता येते. पत्र जपून पाकीट फेकणारी घरेच जास्त. मनीऑर्डरच्या तळाशी असलेले चिठोरे, ज्यावर ‘बैल विकू नये, पुढच्या महिन्यात पैसे पाठवतो’ छापाच्या दोन ओळी असत, तेही पत्रच समजा. आणि तार. त्या कागदावर पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या डिंकावर कसर येते. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आता नवी कुठून येणार नाही. वीरपत्नीचे अंगठा उठवलेले पेन्शनचे पुस्तक हे तर सैनिकाच्या पदकाच्या शेजारीच ठेवायला हवे. फौजीचे आयुष्य पलटणीत जेवढे गेले तेवढेच ते घरी कुणीतरी ओढले.

फोटोंचे स्कॅन ६०० डीपीआयने, कागदांचे ३०० ने करा, पाठीमागची बाजूही करा. फाइलला ‘आयएमजी’ आणि आकडे असे नाव राहिले तर वर्षाने तुम्हालाच सापडणार नाही; आडनाव, नाव, गाव, साल असे नाव द्या.

सातारला सैनिकी दालन व्हावे ही मागणी अधूनमधून होते, आणि ती रास्त आहे. इथे १९६१ पासून देशातले पहिले सैनिक स्कूल आहे, अपशिंगे मिलिटरीसारखे फौजींचे गाव आहे. १९ जुलै २०२४ ला वाघनखे शिवाजी संग्रहालयात आली तेव्हा सातारकर संग्रहालयात जात नाहीत ही सबबही संपली. पण विषय निघाला की पहिला अर्ज रणगाड्यासाठी किंवा विमानासाठी जातो. चौथरा, रंग, कुंपण यात पैसे संपतात आणि पदके शाळेच्या कपाटात राहतात. आमचे म्हणणे उलटे आहे. आधी एक कोरडी खोली आणि एक नोंदवही, मग बाकीचे.

कोरडी म्हणजे काय ते आकड्यांत सांगतो. लोकर, कागद, चामडे एकत्र असतील तर हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. नुसत्या धातूला ४० च्या खाली बरी. साताऱ्याच्या पावसाळ्यात ती बंद खोलीतही ८० च्या वर राहते. कपाटात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या की झाले असे समजतात. प्रदर्शनाच्या कपाटाला संग्रहालयशास्त्रातला ढोबळ हिशेब घनमीटरला वीस किलोंचा आहे. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर उंच कपाट धरले तर पाच किलो. पुडी असते पाच ग्रॅमची! शिवाय कपाटाच्या फटी बंद नसतील तर पाच किलोही आठवड्यात दमतात. रंग बदलणारे जेल घ्यावे आणि बदलले की भट्टीत सुमारे ११० ते १२० अंशांवर भाजून परत वापरावे. खोली दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीची, वर टाकी किंवा शेजारी स्वच्छतागृह असलेली नको. हे सांगायची वेळ येते, कारण सरकारी इमारतीत उरते ती खोली नेमकी तीच असते.

कापड आणि कागदावर उजेड ५० लक्सच्या आत हवा. उघड्या खिडकीजवळ तो याच्या कित्येक पट असतो. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपने अचूक नाही पण अंदाज येतो. गणवेश वर्षभर टांगून ठेवू नये. तीन-चार महिने बाहेर, बाकी वेळ आडवा, अंधारात. पुतळ्याला गणवेश चढवताना पुतळा गणवेशाच्या मापाचा करायचा, उलटे नाही. जुने कोट छातीला लहान असतात, रेडिमेड पुतळ्यावर ओढले की बगलेतली शिवण जाते, आणि ती कुणी पाहत नाही.

नोंदवहीत प्रत्येक वस्तूला एक नंबर: साल, देणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक. पुढे वस्तूचे वर्णन, माप, त्यावरचा मजकूर अक्षरशः जसा आहे तसा, सैनिकाचे नाव-गाव-पलटण, देणाऱ्याचे त्याच्याशी नाते, अवस्था, फोटो. नंबर वस्तूवर चिकटवायचा नाही. कपड्याला सुती फितीवर लिहून टाके घालायचे. धातूवर निघू शकेल अशा वार्निशचा ठिपका देऊन त्यावर शाईने लिहायचे, वर पुन्हा वार्निश. वही कागदावर हवीच, संगणक बिघडतो. घोडे पेंड खाते ते दानपत्रापाशी. ‘ठेवायला दिले’ आणि ‘देऊन टाकले’ यातला फरक तोंडी राहतो, मग एक भाऊ देतो, दुसरा मागायला येतो, आणि तिसऱ्या वर्षी वस्तू कुणाकडेच नसते. सगळ्या वारसांच्या सह्या, फोटोसह पोचपावती, आणि परत द्यायची असेल तर तारीख. उसनी वस्तू ‘कायमची’ घेऊ नये. ज्या घरांना मूळ वस्तू द्यायची नाही, त्यांच्याकडून नुसते स्कॅन आणि माहिती घ्यावी; ते दान कमी प्रतीचे नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, माजी सैनिक संघटना आणि महाविद्यालयांचे इतिहास विभाग यांनी एकत्र बसून हे करायला मोठा निधी लागत नाही. दर तालुक्याला दोन माणसे, एक स्कॅनर, हातमोजे आणि छापील फॉर्म, एवढ्यावर मार्चपर्यंत सुरुवात होईल. मृग निघाल्यावर ट्रंका उघडू नयेत.

गावोगावच्या दगडी पाट्यांचेही पाहावे. १९१४-१९१९ ही साले, या गावातून इतके जण महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असलेल्या. सालाबादप्रमाणे १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी त्यांवर ऑइलपेंट बसतो. दहा थर चढले की अक्षरे भरून येतात, मग रंगारी अंदाजाने नवी अक्षरे काढतो आणि आकडा बदलतो. अशी पाटी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावी. अ‍ॅसिड, तारेचा ब्रश, वाळूचा मारा नको. पुसट अक्षरे वाचायची तर रात्री मोबाइलचा टॉर्च दगडाला अगदी लगटून एका बाजूने धरा. सावल्या पडतात आणि दिवसा न दिसणारा आकडा दिसतो. त्याचा फोटो काढून ग्रामपंचायतीत ठेवा आणि मगच रंगाचे बघा.

शेवटी एक तातडीची बाब. आठवण म्हणून आणलेले गोळ्याचे पितळी नळकांडे पुष्कळ घरांत फुलदाणी होऊन बसले आहे. रिकामे असेल तर हरकत नाही. पण जड लागणारे, टोक बसवलेले, किंवा बुडाच्या मधल्या टोपीवर पिनेचा खड्डा नसलेले काहीही, तसेच कुठलाही हातगोळा, खरा की नकली अशी शंका असतानासुद्धा हलवू नका, घासू नका, पिशवीत घालून आमच्याकडे किंवा संग्रहालयात आणू नका. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि ११२ वर फोन करा. बॉम्बशोधक पथक येऊन पाहते.

आपले,
फौजी वस्तू व कागदपत्रांच्या जतनाचे काम करणारे काही जण,
सातारा